बिनसमुद्राच्या जिल्ह्यातला किनारा

आमच्या जिल्ह्याला समुद्र नाही. क्षेत्रफळाने महाराष्ट्रातला सर्वांत मोठा असलेला हा जिल्हा (२०२४ पर्यंतचा अहमदनगर, आताचा अहिल्यानगर) पश्चिमेला सह्याद्रीच्या कड्यापाशी संपतो. कड्याखाली कोकण सुरू होते. एकेकाळी येथल्या निजामशाहीच्या ताब्यात चौलसारखे बंदर होते. आज त्याची आठवण इतिहासाच्या प्राध्यापकांपुरती उरली आहे. तरीही आमच्या विद्यार्थ्यांच्या लेखनात समुद्रकिनारा दर वर्षी येतो आणि तो का येतो, कसा येतो, याचा विचार करण्याची पाळी गेल्या वर्षी आमच्यावर आली. हा लेख त्या विचारातून लिहिला आहे.

आम्ही दोघे प्रवरेच्या खालच्या अंगाला असलेल्या एका महाविद्यालयात मराठी शिकवतो. पदवीच्या वर्गाला प्रवासवर्णन हा वाङ्मयप्रकार शिकवून झाला की एका दिवसाच्या प्रवासाचे वर्णन लिहून आणायला सांगायचे, ही आमची जुनी पद्धत. बहुतेकांचा प्रवास अलिबाग, मुरुड, गणपतीपुळे किंवा तारकर्लीचा असतो. सकाळी किनारा, दुपारी माशांचे ताट, जमल्यास डॉल्फिन, शेवटी सूर्यास्त. ज्यांना कोकण परवडत नाही ते भंडारदऱ्याला जाऊन येतात, पण वर्णनाचा क्रम बदलत नाही: जलाशयाचा किनारा, जेवण, रात्री काजवे. शब्दही ठरलेले. ‘निसर्गरम्य’, ‘नयनरम्य’, ‘मन मोहून टाकणारे’. हे शब्द विद्यार्थ्यांनी कोठून आणले, असा प्रश्न आम्ही कधी विचारला नाही. विचारला असता तर उत्तर आमच्याच टिपणांच्या वहीत सापडले असते.

दोन वर्षांपूर्वी अकोले तालुक्याच्या पश्चिम भागातून आलेल्या एका विद्यार्थिनीने दीड पानाचे लेखन दिले. तिचे घर भंडारदरा जलाशयाच्या काठावरच्या एका वाडीत आहे. प्रवास म्हणून तिने मे महिन्यात आजीबरोबर पाण्याला जाण्याविषयी लिहिले होते. खाली जलाशय दिसतो, पण त्याचे पाणी दूर उतरून गेलेले असते आणि हंडा घेऊन ती चढण चढणे आजीला झेपत नाही. म्हणून वरच्या झऱ्यावर जायचे, वाटी-वाटीने हंडा भरायचा. लेखनाच्या शेवटी असे होते की, काजव्यांच्या दिवसांत रात्रभर घरासमोरून गाड्या जातात आणि आजी विचारते, ही माणसे एवढ्या लांबून अंधार बघायला येतात, तर मग दिवे कशाला आणतात?

आम्ही या लेखनाला वीसपैकी बारा गुण दिले आणि शेरा लिहिला: ‘प्रवासवर्णनाचे विशेष आढळत नाहीत.’

गुण देताना आम्हांला काहीच वावगे वाटले नव्हते. खटकले ते नंतर, विभागाच्या कपाटात जुने गठ्ठे लावताना. गेल्या वर्षी जूनच्या पहिल्या आठवड्यात, पाऊस सुरू होण्यापूर्वी, आम्ही ठरवून एक दिवस तिकडे गेलो. विद्यार्थ्यांच्या त्या ठरलेल्या क्रमानेच फिरायचे, मात्र प्रत्येक ठिकाणी तिचे दीड पान जवळ ठेवायचे, असे आम्ही ठरवले होते.

संगमनेर, अकोले, राजूर असा रस्ता चढत जातो. राजूरच्या पुढे रंधा धबधबा लागतो. जूनच्या आरंभी तेथे कोरडा काळा खडक दिसतो. शेंडी हे धरणाच्या पायथ्याचे गाव. येथील विल्सन धरणाचे काम १९१० मध्ये सुरू झाले आणि १९२६ मध्ये पूर्ण झाले. सुमारे २७० फूट उंचीचे हे दगडी धरण सुमारे ११ टीएमसी पाणी अडवते. पर्यटकांना ते ‘ब्रिटिशकालीन वास्तू’ म्हणून दाखवले जाते आणि ती वास्तू भव्य आहे यात शंका नाही. परंतु या भिंतीने काय घडवले, हे पाहायचे तर शेंडीत उभे राहून चालत नाही. उलट दिशेला, आम्ही निघालो होतो तिकडे पाहावे लागते. प्रवरेचे कालवे, त्यांवरचा ऊस, त्या उसावर उभे राहिलेले साखर कारखाने, विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने लोणीला निघालेला आणि १९५०-५१ च्या हंगामात गाळप सुरू केलेला सहकारी कारखाना, त्याच्या पाठोपाठ आलेल्या शिक्षणसंस्था: हा सगळा पसारा या पाण्यावरचा आहे. आमचे पगारही दूरान्वयाने या पाण्याशी बांधलेले आहेत.

उन्हाळी आवर्तन सुटले की आमच्याकडे वर्तमानपत्रात समाधानाची बातमी येते. तेच आवर्तन सुटते तेव्हा वर जलाशय खाली उतरतो. त्या मुलीच्या आजीपासून पाणी जितके लांब जाते, त्यातला काही भाग आमच्या नळाला येतो. इतका साधा हिशेब आम्ही इतकी वर्षे मांडला नव्हता, आणि ज्या मुलीने तो नकळत मांडला तिला आम्ही वाङ्मयप्रकाराचे नियम सांगितले.

शेंडीहून जलाशयाभोवती फिरणारा रस्ता चाळीसेक किलोमीटरचा आहे. एका बाजूने मुरशेत, पांजरे, उडदावणे करीत घाटघरला जायचे, तेथून साम्रद, रतनवाडी आणि कोलटेंभे करीत परत यायचे. डाव्या हाताला पाणी सतत सोबत असते. उजवीकडे कळसूबाईची रांग, समोर अलंग-मदन-कुलंग, पलीकडे रतनगड. हा सारा प्रदेश १९८६ मध्ये घोषित झालेल्या कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. नाव अभयारण्य असले तरी ते रिकामे रान नाही. महादेव कोळी आणि ठाकर समाजाच्या वाड्या त्यात पिढ्यान्‌पिढ्या आहेत. हिरडा वेचणे, राब भाजणे, भाताची आवणी, गुरे हे सगळे त्याच रानात चालते.

आता जेवणाविषयी. रस्त्याच्या कडेला पालांची रांग आहे आणि पाट्यांवर मॅगी, मंच्युरियन, पनीर मसाला, ‘झणझणीत गावरान चिकन थाळी’ असे लिहिलेले आहे. आम्ही एका ठिकाणी नागलीची भाकरी मिळेल का, असे विचारले. पालवाला तरुण हसला. म्हणाला, “सर, ती आमी घरी खातो. गिऱ्हाईक मागत नाही, मग कशाला थापायची?” पुढे त्यानेच आम्हांला आपल्या चुलतीच्या घरी नेले. तासाभराने आमच्यापुढे नागलीची भाकरी, खुरासणीची चटणी, उडदाचे घुटे आणि वरईचा भात आला. वर मूठभर करवंदे. खुरासणीची चटणी ज्याने खाल्ली नाही त्याला तिची किंचित कडसर, तेलकट चव सांगणे कठीण आहे, आणि ‘चविष्ट’ हा शब्द येथे अगदीच निरुपयोगी ठरतो.

वरईचे उदाहरण विचार करण्यासारखे आहे. आमच्या गावांत ही वरई भगर या नावाने एकादशीला खाल्ली जाते. धान्य वर्ज्य असलेल्या दिवशी चालणारा तो पदार्थ आहे. डोंगरात मात्र ती उपवासाची नव्हे, पोटभर जेवणाची वस्तू. उतारावरच्या हलक्या जमिनीत जे पिकते तेच रोज ताटात येते. एकाचा उपास आणि दुसऱ्याचे जेवण ज्या एका दाण्यावर चालते, त्या दाण्याची माहिती आमच्या भाषेच्या वर्गात येत नाही. याच अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी देशी वाणांची बियाणी जपली, त्यांना २०२० मध्ये पद्मश्री जाहीर झाली. आमच्या महाविद्यालयात त्यांच्या नावाचे भित्तिपत्रक लागले होते. सहलीच्या बसमध्ये त्याच वर्षी जेवणाला पुलाव होता. सन्मान भिंतीवर आणि ताटात पुलाव, ही विसंगती कोणाच्याही लक्षात आली नाही, आमच्याही नाही.

घाटघरला पोचेपर्यंत दुपार कलली होती. येथे वर्षाला कित्येक हजार मिलिमीटर पाऊस पडतो. जिल्ह्याची सरासरी पाचशे-सहाशे मिलिमीटरच्या आसपास आहे, हे लक्षात घेतले म्हणजे हा कोपरा किती वेगळा आहे ते कळते. घाटघरच्या कोकणकड्यावर उभे राहिले की पायांखाली ठाणे जिल्ह्याचा शहापूर तालुका पसरलेला दिसतो. येथून अरबी समुद्र सरळ रेषेत शंभर किलोमीटरही नाही. पण रतनगडाच्या परिसरात उगम पावणारी प्रवरा त्या जवळच्या समुद्राकडे पाठ फिरवते. ती पूर्वेला वळते, नेवाशाच्या काठाने जाते (ज्या काठी ज्ञानेश्वरी सांगितली गेली असे आपण मानतो), प्रवरासंगमाला गोदावरीत मिसळते आणि आणखी शेकडो मैल चालून बंगालच्या उपसागराला मिळते. कडा ओलांडणारे पाणी थोडेच, आणि तेही यंत्राने. घाटघरचा उदंचन जलविद्युत प्रकल्प २००८ पासून सुरू आहे. विजेची मागणी वाढते तेव्हा येथल्या वरच्या जलाशयातले पाणी कोकणात चोंढ्याच्या जलाशयात सोडून २५० मेगावॉटपर्यंत वीज निर्माण करायची आणि मागणी ओसरली की तेच पाणी पुन्हा वर चढवायचे. खालचे पाणी वर आणणारी यंत्रणा कड्याच्या पोटात आहे, आणि कड्यावरच्या वाडीत हंडा डोक्यावर चढतो. या दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहणे हे प्रवासवर्णनाचे काम नाही, असे कोणी ठरवले?

साम्रदला सांदण दरीच्या तोंडाशी गर्दी होती. रतनवाडीचे अमृतेश्वराचे मंदिर मात्र त्या वेळी शांत होते. काळ्या दगडावरचे कोरीवकाम संध्याकाळच्या उन्हात नीट दिसते. पुष्करणीच्या पायऱ्यांवर आम्ही अंधार पडेपर्यंत बसलो. शेकरू दिसले नाही.

काजव्यांचा हंगाम मे महिन्याच्या अखेरीपासून जूनच्या मध्यापर्यंत, पावसाचा जोर धरेपर्यंत असतो. काजव्याची अळी बराच काळ ओलसर पाचोळ्यात, मातीत गोगलगायींसारख्या जिवांवर वाढते. पंख फुटल्यावरचे आयुष्य काही आठवड्यांचे. त्या मुदतीत नराने ठरावीक लयीत उजेडाची उघडझाप करायची, मादीने तिला ओळखून उत्तर द्यायचे आणि पुढची पिढी निर्माण व्हायची. हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ, उंबर या झाडांवर हजारो काजवे एका वेळी उजळतात आणि विझतात. बघणाऱ्याला ती दिव्यांची आरास वाटते. काजव्यांसाठी तो संवाद आहे आणि तो फक्त अंधारात ऐकू येतो, असे म्हटले तरी चालेल. मोटारीच्या दिव्यांनी, विजेरीने, मोबाइलच्या उजेडाने हा संवाद तुटतो. पाचोळ्यात बसलेल्या माद्या पायांखाली येतात त्या वेगळ्याच.

आम्ही पाहिले ते असे. रतनवाडी ते शेंडी या अरुंद रस्त्यावर गाड्यांची रांग लागली होती आणि रांग पुढे सरकावी म्हणून प्रत्येक गाडीचे दिवे प्रखर केलेले होते. एका सादड्याखाली पंधरा-वीस जण मोबाइल उंच धरून उभे होते. झाडावर उजेड होता, पण तो मोबाइलचा. दोन झाडे सोडून पलीकडे, रस्त्यापासून आत, एक उंबर मात्र शांतपणे लुकलुकत होता. आम्ही गाडीचे दिवे मालवून थांबलो, तर मागच्याने कर्णा वाजवला. आम्हीही पुन्हा दिवे लावले आणि पुढे निघालो. हे सांगणे भाग आहे. दुसऱ्यांच्या गाड्यांविषयी लिहिताना आपल्या गाडीलाही दिवे होते हे विसरता येत नाही.

अलीकडच्या वर्षांत वनविभागाने या दिवसांत रात्रीच्या वाहनांवर निर्बंध घातले आहेत, सूचनांचे फलक लागले आहेत. ते योग्यच आहे. यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो गंभीरपणे घ्यायला हवा. या दोन-तीन आठवड्यांत तंबू, जेवण, वाटाड्याचे काम यांतून वाड्यांतल्या तरुणांच्या हातात पैसा येतो. एरवी त्यांना जुन्नर-नारायणगावच्या बागायतीत मजुरीला जावे लागते. ज्यांचे पगार महिन्याच्या एक तारखेला जमा होतात अशा प्राध्यापकांनी त्यांना ‘पर्यटन कमी करा’ असे सांगणे शोभत नाही, हे आम्हांला मान्य आहे.

परंतु पर्यटन आणि गाड्यांची रांग या दोन गोष्टी एकच नाहीत. पाहुण्यांच्या गाड्या शेंडीला थांबवून स्थानिकांच्या ठरावीक जीपमधून, दिवे झाकून, मोजक्या माणसांना नेले तर पैसा वाडीतच राहील आणि झाडेही अंधारात राहतील. आदल्या दिवशी सांगून घरचे जेवण मागितले तर नागली थापण्याचे कारण निर्माण होईल. त्या तरुणाने सांगितलेच आहे, गिऱ्हाईक मागत नाही म्हणून भाकरी थापली जात नाही. तेव्हा दोष विकणाऱ्याच्या आधी मागणाऱ्याचा आहे, आणि काय मागावे हे माणूस शाळा-महाविद्यालयांत, पुस्तकांत, आणि हो, प्रवासवर्णनांतही शिकतो. कोकणच्या किनाऱ्यावर जे मिळते तेच येथे मिळावे, ही अपेक्षा घेऊन आलेला पाहुणा जलाशयाला समुद्राची नक्कल समजतो, काजव्याला डॉल्फिनची आणि नागलीच्या भाकरीला काहीच समजत नाही, कारण तिची नक्कल त्याच्याजवळ नसते.

परतीच्या वाटेवर अकोल्याच्या अलीकडे ऊस सुरू झाला. या उसाविषयी एक गोष्ट सांगितली पाहिजे. वन्यजीव-अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अकोल्याच्या शेतीपट्ट्यात केलेला अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. दर चौरस किलोमीटरला तीनशेहून अधिक माणसे राहत असलेल्या, जंगल नसलेल्या या भागात दर शंभर चौरस किलोमीटरला पाचाच्या आसपास प्रौढ बिबटे आढळले. म्हणजे ज्या वन्यजीवनासाठी आपण पहाटे उठून अभयारण्याकडे निघतो, त्यातला सर्वांत दिमाखदार प्राणी आपल्या घरामागच्या फडात राहतो. आणि त्याला तो आडोसा त्याच धरणाच्या पाण्याने दिला. बिबट्याने माणसांवर हल्ले केल्याच्या घटना आमच्या जिल्ह्यात घडल्या आहेत, ज्यांच्या घरी हे घडले त्यांचे दुःख मोठे आहे, त्यामुळे येथे कोणतेही गोडवे गाण्याचा आमचा हेतू नाही. म्हणणे एवढेच की ‘तेथला निसर्ग’ आणि ‘येथले जगणे’ अशी जी रेघ आपल्या वर्णनांत असते ती जमिनीवर नाही. पाणी ती रेघ ओलांडून खाली येते, बिबट्या तिच्या अलीकडे राहतो, आणि वरईचा दाणा तिच्यावरून दोन्हीकडे जातो.

आम्ही वर्गात प्रवासवर्णनाचे जे विशेष सांगत आलो (स्थळाचे चित्रमय वर्णन, अनुभवाची उत्कटता, लालित्य) ते चुकीचे नाहीत. मराठीत त्या वाटेने उत्तम लेखन झाले आहे. मात्र ते सगळे बाहेरून येणाऱ्याचे विशेष आहेत. ज्याच्या अंगणात लोक प्रवास करून येतात त्याने काय लिहावे, याचा विचार आमच्या टिपणांत नव्हता. त्या मुलीने रोजची दोन मैलांची पायवाट प्रवास म्हणून लिहिली, हा तिचा अपुरेपणा आहे असे आम्हांला वाटले. वास्तविक त्या पायवाटेत धरण होते, आवर्तन होते, ऊस होता, काजवे होते आणि आमच्यापैकी कोणाला सुचला नाही असा एक प्रश्न होता.

या वर्षी लेखन देताना आम्ही एक बदल केला आहे. ज्या ठिकाणी जाल तेथले पाणी कोठून येते व कोठे जाते, तेथली माणसे घरी काय जेवतात, आणि तुम्ही गेल्यामुळे तेथे काय बदलले, या तीन गोष्टी लेखनात आल्या पाहिजेत. विशेषणांवर बंदी घातलेली नाही. घालून काही होत नाही, असा अनुभव आहे. पर्यावरणाच्या क्षेत्रभेटीची सहलही जूनऐवजी ऑगस्टमध्ये, आवणीच्या दिवसांत न्यावी, असे आम्ही विभागात सुचवले आहे. चिखलात कोणाला उभे राहावेसे वाटत नाही, असे सहकाऱ्यांचे म्हणणे पडले. निर्णय व्हायचा आहे.

ती विद्यार्थिनी आता पदवी घेऊन बाहेर पडली आहे. राजूरला एका दुकानात काम करते, असे कळले. परतताना आम्ही त्या बाजूने गेलो तेव्हा रात्रीचे दहा वाजून गेले होते आणि बाजारपेठ बंद होती. आमच्या गुणपत्रकात तिच्या नावापुढे बारा हा आकडा तसाच आहे. नियमानुसार तो आता बदलता येत नाही.